काळी एकच्या किंचित वर

ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणाऱ्या माणसाला लग्नात सगळ्यात शेवटी जेवायला बोलावतात. गाणाऱ्याला आधी नेतात, ऑर्गनवाल्या मास्तरांना त्याच्याबरोबर, ढोलकीवाल्याच्या पाठीवर थाप मारून कुणीतरी ओढून नेतंच. बेसवाला वायरी गुंडाळत बसलेला असतो आणि यजमानांना वाटतं, हा स्पीकरवाल्याचा माणूस. मी बाई असल्यानं यात काही फरक पडला नाही. एकदा तर एका गृहस्थांनी मला विचारलं, "तुम्ही गायिकेच्या सोबतीला आलात का?" तेव्हा गिटार माझ्या गळ्यात होती आणि आमच्या ऑर्केस्ट्रात गायिका नव्हतीच.

लोकांचा दोष नाही म्हणा. बेस ऐकू येतो तो बंद पडल्यावर. चालू असताना लोक म्हणतात, आज गाणं कसं भरल्यासारखं वाटतंय. बंद पडला की म्हणतात, स्पीकर बिघडला का रे? गायकाला मात्र तो पुरेपूर ऐकू येतो. तान घेऊन परत आल्यावर आपला सा कुठे आहे हे त्याला बेसमधूनच कळतं. तो सा जरा हलला की चांगला चांगला गायक भरकटतो. आणि हे काम मला मनापासून आवडायचं. इतकं आवडायचं की ते दुसऱ्याचं होतं याचा मला राग यायचा.

दुसरा म्हणजे माझा सख्खा भाऊ. आम्ही आगरी, मूळचे पेणच्या खाडीपट्ट्यातले. आजोबांची हयात मिठागरावर गेली, वडिलांनी खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीत, खाजणात, भात केला. धाटावला कंपन्या आल्या आणि दादाला तिथे काम लागलं, तेव्हा आम्ही रोह्याला दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायला आलो. कंपन्यांतल्या हौशी पोरांनी ऑर्केस्ट्रा काढला होता. कुणी गायचं, कुणी कोंगो वाजवायचं. बेस गिटार कुणालाच नको होती, कारण ती वाजवून पोरी काही वळून बघत नाहीत. दादा शेवटचा गेला म्हणून ती त्याच्या वाट्याला आली. मुंबईहून सेकंडहँड आणलेली, चार जाड तारांची, उचलली की खांदा दुखावा अशी. ती आमच्याकडे खुंटीला टांगलेली असायची.

दादा शिफ्टला गेला की गिटार घरात आणि मीही घरात. मी शिवणकाम करायचे. मशीन चालवता चालवता माझं लक्ष त्या गिटारीकडे जायचं. अँप्लिफायर मास्तरांकडे असायचा, आणि त्याच्याशिवाय बेस म्हणजे डासाची गुणगुण. मग मला एक युक्ती सापडली. आमच्या तांदळाच्या लाकडी पेटीला गिटारीचं अंग टेकवलं आणि वर हनुवटी ठेवली की आवाज पेटीतून घुमत यायचा, जबड्याच्या हाडातून थेट कानात शिरायचा. आई म्हणायची, "अगो, ती पेटी काय वाजवायची हाय?" पेटीत तांदूळ कमी झाले की आवाज जास्त मोठा यायचा. महिन्याच्या शेवटी माझा रियाज उत्तम होई.

दादाचं वाजवणं वाईट नव्हतं, पण तो एकच चूक तीन तीन महिने सांभाळायचा. एका गाण्यात कडव्यावरून परत मुखड्यावर येताना तो हमखास एक सूर वर राहायचा. मी आतून भाकरी थापता थापता ओरडायचे, "खाली ये रे, खाली!" तो वैतागून म्हणायचा, "तूच ये नि वाजव." एक दिवस मी पिठाचे हात पुसून गेले आणि वाजवलं. दादा माझ्या बोटांकडे बघत होता. मग म्हणाला, "परत वाजव." त्या दिवसापासून त्याला येत होतं ते सगळं त्यानं मला शिकवलं. मास्तरांकडून नवीन गाणं बसवून आला की रात्रीच मला सांगायचा. मनाचा मोठा होता. पण कार्यक्रमाला अर्थात तोच जायचा, आणि मी घरी बसून आज तो कुठे चुकला असेल याचा विचार करायचे.

मग एका लग्नाचं बुकिंग आलं. नवरा मुलगा दादाच्याच कंपनीतला, नवरी पेणच्या खाडीकडच्या एका गावातली, दोघंही आगरीच. नवऱ्याकडच्यांनी हौसेनं रोह्याहून आमचा ऑर्केस्ट्रा न्यायचं ठरवलं. आणि नेमकी दादाला शिफ्ट बदलून मिळाली नाही. त्याच्या खात्यातली अर्धी माणसं त्याच लग्नाला निघाली होती, म्हणून साहेबानं उरलेल्यांना धरून ठेवलं. दादानं मास्तरांना घरी बोलावलं आणि सांगितलं, "माझ्या जागी हिला न्या."

मास्तर रोह्याच्या बाजारपेठेतले. बाजाची पेटी शिकवायचे, ऑर्केस्ट्राचे ऑर्गन वाजवायचे आणि जन्मजात तापट होते. कानाचे इतके तिखट की जेवताना ताटावर वाटी आपटली तरी सांगायचे, ही पेटीवरची पांढरी चार. त्यांनी मला वाजवायला सांगितलं. मी तांदळाच्या पेटीला टेकवून वाजवलं. ते पानाचा तोबरा तोंडात तसाच ठेवून ऐकत राहिले आणि म्हणाले, "ठीक. एकदा नेतो. पण दोन गोष्टी लक्षात ठेव. बेसनं गाणं सोडायचं नाही. गायक विसरला, ढोलकी फाटली, मांडवात मारामारी झाली, तरी बेस चालू पाहिजे. मारामारी झाली तर जास्तच चालू पाहिजे. वाजप थांबलं की लोक भांडणाकडे लक्ष देतात. आणि दुसरं, एक सूर जरी चुकवलास, तर ही गिटार परत तुझ्या भावाच्या गळ्यात. मग माझ्या दारात यायचं नाही."

मी हो म्हटलं. मला त्या अटीची भीती वाटली नाही, कारण सूर मी चुकणार नव्हते. माझी गुर्मी तेव्हा तशी होती, आणि आजही फार कमी झालेली नाही.

दुपारी टेम्पोतून निघालो. भिसे खिंड उतरून नागोठण्याला आलो, तिथून हायवेनं वडखळकडे आणि मग डावीकडे खाडीच्या दिशेनं कच्च्या रस्त्यानं. मुहूर्त गोरजाचा होता. मांडव नवरीच्या दारात, समोर खळ्यावर आमचं स्टेज. मास्तरांनी मला सगळ्यात मागे, मोठ्या स्पीकरच्या आडोशाला उभं केलं. "तिथून दिसू नकोस," म्हणाले. मला ते लागलं, पण मी जाऊन उभी राहिले. जागा मिळवायची असेल तर आधी उभं तर राहिलं पाहिजे.

आमच्याकडचं लग्न लावते ती धवलारीण. भटजी असला तरी मान तिचा. मांडव घातल्यापासून अक्षता पडेपर्यंत प्रत्येक विधीचा तिचा धवला असतो, म्हणजे तिचं गाणं. देवांना बोलावणं, पितरांना बोलावणं, नवरीला न्हाऊ घालणं, सगळं त्या गाण्यात असतं, आणि गाणं झालं म्हणजे तो विधी झाला. हे सगळं मला लहानपणापासून माहीत. मास्तरांना माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांच्याकडच्या लग्नात बायका जात्यावर गाणी म्हणतात तशी कुणीतरी म्हातारी काहीतरी म्हणत असेल, एवढीच त्यांची कल्पना.

ही धवलारीण खूप वयाची होती. हडकुळी, कपाळावर मोठं कुंकू, आवाज मात्र खणखणीत आणि खोल. आम्ही वायरी जोडत होतो तेव्हा ती उंबऱ्याशी बसून नवरीच्या आंघोळीचा धवला म्हणत होती. मला सवयच होती, कुठलाही आवाज ऐकला की गिटारीवर त्याचा सा शोधायचा. अँप्लिफायर बंद होता. मी हनुवटी गिटारीला लावून तिचा सूर शोधू लागले. काळी एक धरली तर म्हातारीचा सूर तिच्या वर. पांढरी दोन धरली तर खाली. मध्येच कुठेतरी, काळी एकच्या किंचित वर. गिटारीवर त्या जागी पडदाच नाही. माझ्या गिटारीत नसलेला सूर धरून ही बाई आरामात गात होती, याचा मला चक्क राग आला. मी तारेची खुंटी केसभर पिळली, आणि काळी एकवर बोट ठेवलं तेव्हा सूर तिच्या सुरात अस्सा मिसळला की माझ्या अंगावर काटा आला. मग मास्तरांनी ऑर्गनचा सूर दिला आणि मी खुंटी परत होती तिथे आणली.

कार्यक्रम सुरू झाला. पहिली काही गाणी छान झाली. नवऱ्याकडची कंपनीतली पोरं स्टेजसमोर नाचत होती, त्यांच्यातल्या काहींनी घेतलेली होती. मी एकही सूर चुकवला नाही. मास्तर मान वळवून एकदा माझ्याकडे बघून गेले, आणि त्यांनी काही म्हटलं नाही याचा अर्थ मला कळला.

मग मध्ये थोडं थांबलो. गायकाला चहा हवा होता. वाजप थांबलेलं पाहून धवलारणीनं पुढचा धवला धरला, नवरीला बोहल्यावर आणण्याआधीचा. हा मोठा असतो आणि मोडायचा नसतो. तिच्यासमोर माईक नव्हता. ती उंबऱ्याशी, आजूबाजूला बायका, आतल्या अंधारात डोक्यावर पदर घेतलेली नवरी. स्टेजवरून मास्तरांना फक्त एवढं दिसलं की खळ्यावर लोक नुसते उभे आहेत आणि नाचणारी पोरं आरडाओरडा करताहेत, "वाजवा ओ, वाजवा!" त्यांनी ढोलकीवाल्याला खूण केली.

मी मागून हात हलवला. "मास्तर, थांबा, धवला चालू आहे," असं ओरडलेसुद्धा. स्पीकरच्या मागून माझा आवाज कुठे पोचणार? ढोलकीनं तुकडा घेतला, ऑर्गन सुरू झाला, आणि माझी बोटं सवयीनं त्यांच्यामागे गेली. नाचाचं गाणं, कर्ण्यांतून अख्ख्या गावाला ऐकू जाईल एवढं मोठं.

म्हातारीचं तोंड मिटताना मी पाहिलं. ओळ अर्धी राहिली. तिनं तळहात ओठांवर ठेवला आणि डोळे मिटले. तिच्याबरोबरच्या बायका ताडकन उठल्या. एक ओरडली, "धवला तोडलाव रं! नवऱ्याच्या मानसांनी धवला तोडला!"

अर्धा धवला ऐकून बोहल्यावर चढलेल्या पोरीला त्याची बोलणी आयुष्यभर ऐकावी लागतात. मूल उशिरा झालं, म्हैस आटली, नवऱ्याचा पडून पाय मोडला, कारण एकच. आमच्या लांबच्या एका आत्याच्या बाबतीत हे झालं होतं, आणि म्हातारी झाली तरी बायका तिच्यामागे ते कुजबुजायच्या. त्यामुळे नवरीचा बाप अनवाणी धावत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग होता तसंच रडूही होतं. "बंद करा!" तो ओरडत होता. नाचणाऱ्या पोरांना वाटलं, हा नाच बंद करायला सांगतोय. एकानं त्याला ढकललं. नवरीच्या मामानं त्या पोराची कॉलर धरली. खुर्ची उडाली. मग कोण कुणाला मारतंय ते कळेना.

मास्तरांनी भांडण पाहिलं आणि आपला नियम पाळला. आवाज वाढवला. "चालू ठेवा, कुणी थांबू नका!" गायक पोरगा घाबरून कापऱ्या आवाजात गात राहिला. आणि जितका आवाज वाढला, तितकं नवरीकडच्यांना वाटलं की हे आम्हाला मुद्दाम खिजवताहेत. दोघेतिघे स्टेजकडे वळले. एकाच्या हातात मांडवाचा बांबू होता. दुसरा ओरडत होता, "लगीन लागायचं नाय आज! घेऊन जा तुमचा नवरा!"

थांबले तर मास्तरांचा नियम मोडत होता, आणि तो नियम खोटा नव्हता. वाजप एकदम थांबलं असतं तर त्या शांततेत फक्त मारामारी उरली असती. वाजवत राहिले तर प्रत्येक ठोक्यागणिक तो धवला जास्त तुटत होता. सूर्य मिठागरांवर उतरायला लागला होता. मुहूर्त जवळ आला होता. आणि आत ती पोरगी बसली होती. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त हिरव्या बांगड्यांचे हात एकमेकांत गच्च दाबलेले दिसत होते. माझ्याच वयाची असेल.

मी गाणं सोडलं.

डावा हात खुंटीवर नेला आणि काळी एकची तार पिळली. दुपारी म्हातारीचा सूर समोर होता, आता ती गप्प होती आणि सगळीकडे ओरडा. मला तो आठवणीवर शोधायचा होता. तार छेडली, खाली होती. पिळली, वर गेली. हनुवटी लाकडाला दाबून धरली तरी कर्ण्यांच्या आवाजात माझाच सूर मला सापडेना. मास्तरांनी गर्रकन मान वळवली. "बेसुरी होतेयस! अगं ए, बेसुरी!" त्यांच्या कानांना ते किती बोचलं असेल हे मला माहीत होतं. मी तार किंचित सोडली, परत छेडली, आणि जबड्यात तो दुपारचा घुमारा उमटला. मग मी अँप्लिफायरचा कान पूर्ण पिळला आणि तो एकच सूर वाजवायला लागले. ताल नाही, चाल नाही. नुसता सा, विरायच्या आत परत सा.

गायकाचा पाय घसरला. त्याला त्याचा सा मिळेना, तो भलत्याच सुरात एक ओळ गाऊन थांबला. ढोलकीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातात ठेकाच दिसेना म्हणून त्यानंही हात उचलले. मास्तर मात्र सोडायला तयार नव्हते. ते ऑर्गनवर गाणं ओढत होते आणि माझा सूर त्यांच्या सुरांना खरवडत होता. ते ऐकवत नव्हतं, मलाही. शेवटी त्यांनी पट्ट्यांवरून हात उचलले, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला कळलं, माझं काम गेलं. हे मला लख्ख कळलं, आणि मी वाजवत राहिले. बांबूवाला माणूस स्टेजच्या पायरीवर चढला होता.

खळ्यावर तो एकच खोल सूर घुमत होता. तो छातीत जाणवतो, कानावर हात ठेवले तरी जात नाही. काही माणसं हे काय वाजतंय म्हणून स्टेजकडे बघायला लागली. मी म्हातारीकडे बघत होते. गा गो आजी, गा, असं मी मोठ्यानं म्हणत होते बहुतेक. ती तशीच बसलेली. तळहात तोंडावर, डोळे मिटलेले.

मग तिनं हात खाली घेतला. मान जराशी वर केली. आणि जिथे ओळ तुटली होती, बरोबर तिथून उचलली.

माझा सूर आणि तिचा सूर यात धाग्याएवढंही अंतर नव्हतं. तिच्या भोवतीच्या बायकांनी साथ धरली. धवला चालू असताना आमच्याकडे मांडवात उभं राहत नाहीत, आवाज चढवत नाहीत. ही गोष्ट सगळ्यांच्या हाडात इतकी मुरलेली की कॉलर धरलेला मामा कॉलर सोडून खाली बसला. ज्याची कॉलर धरली होती तो त्याच्या शेजारीच बसला. बांबूवाला पायरीवर थबकला, मग बांबू आडवा ठेवून तिथेच टेकला. नवरीचा बाप भिंतीला पाठ लावून उभा होता, त्याला एका बाईनं दंडाला धरून बसवलं. धवला मोठा होता. माझी बोटं सोलवटली तरी मी तो सूर एकदाही विरू दिला नाही.

संपल्यावर कुणाला काय करावं कळेना. नवरीच्या बापानं घोगऱ्या आवाजात म्हातारीला विचारलं, "आता काय करायचं आजी? तुटला ना?"

म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. "तुटला कुठं?" ती म्हणाली. "माझा दम सरला व्हता. सूर चालूच व्हता. आन पोरीला भायेर."

धवलारणीनं सांगितलं म्हणजे झालं. त्यावर भटजीही बोलत नाही. अक्षता पडल्या तेव्हा पश्चिमेकडे अजून उजेड होता. मी स्पीकरच्या मागे बसून राहिले.

पंगती उठत होत्या तेव्हा म्हातारी सुपारी कातरत माझ्याजवळ आली. माझी बोटं हातात घेऊन बघितली. "भ्यालीस ना गो?" तिनं विचारलं.

"व्हय," मी म्हटलं.

"मी पन," ती म्हणाली. "सबुदच गेलतं तोंडातून. इतक्या लग्नांत कधी नाय गेलं." मग सुपारीचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवून ती बायकांत निघून गेली.

येताना टेम्पोत मास्तर पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. उतरताना गिटार मात्र त्यांनी माझ्याकडून मागून घेतली नाही, आणि घरी न्यायची की नाही हे विचारायचा मला धीर झाला नाही. मी ती घेऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी दादा पहिली शिफ्ट करून आला. लग्नाची हकिगत कंपनीतच त्याच्या कानावर आली होती, तीही चार तोंडांतून चार तऱ्हेची. तो मला सगळं खोदून खोदून विचारत होता, खूश होता, मध्येच म्हणत होता, "खुंटी पिळलीस? चालू गाण्यात?" तेवढ्यात मास्तर दारात आले. चप्पल काढून आत बसले. आईनं चहा ठेवला.

"तू माझं गाणं सोडलंस," मास्तर मला म्हणाले.

"हो."

"अख्ख्या मांडवासमोर मला बेसुरा ठरवलंस."

"तुम्ही नव्हता बेसुरे. मी होते."

त्यांच्या तोंडावर हसू येतंय की काय असं वाटलं, पण ते आलं नाही. त्यांनी बशीत चहा ओतला. "धवला चालू आहे हे मला कळायला हवं होतं," ते बशीकडे बघून म्हणाले. "विचारायला हवं होतं कुणाला तरी." मग म्हणाले, "रविवारी इथंच रोह्यात कार्यक्रम आहे. कोण येणार?"

"मी हाय ना मास्तर," दादा सहज बोलून गेला. "रविवारी मला सुट्टी हाय." त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. जागा त्याचीच होती. मी एका दिवसापुरती गेले होते.

"मी येणार," मी म्हणाले.

आमच्या घरात दादाच्या बोलण्यावर असं कुणी बोलत नसे. आईनं आतून हाक मारली, "अगो, त्यो मोठा हाय तुझ्यापेक्षा." दादा माझ्याकडे बघत राहिला. मी हसून म्हणेन की गंमत केली, याची तो वाट बघत होता. मी हसले नाही.

मास्तरांनी बशी खाली ठेवली आणि दादाकडे वळले. "एक विचारतो. खरं सांग. काल तू असतास तर काय केलं असतंस?"

धवला काय असतो हे दादाला माझ्याइतकंच माहीत होतं. मीही तेच केलं असतं, एवढं म्हणून तो मोकळा होऊ शकला असता, आणि ते खोटं आहे हे कुणालाही दाखवता आलं नसतं. तो खाली बघून अंगठ्यानं बोटांवरचे घट्टे चोळत होता. तारा दाबून दाबून पडलेले, माझ्यापेक्षा कितीतरी जुने घट्टे.

"वाजवत राह्यलो असतो," तो म्हणाला. "तुमच्याकडं बघत."

मास्तर उठले. दारात चप्पल घालताना म्हणाले, "रविवारी चारला." ते माझ्याकडे बघून म्हणाले.

दादा हलला नाही. त्याच्या चहावर साय धरली होती. मला त्याची फार दया आली. तो खरं बोलला होता, आणि बोलताना त्याला ठाऊक होतं की यानं आपली जागा जाणार. तूच वाजव, एवढे दोन शब्द मी बोलले असते तर त्याची जागा त्याला परत मिळाली असती. मी त्याच्यासमोर बसून राहिले, आणि ते दोन शब्द मी बोलले नाही.